क्रमांक एकशें साठ

कोणत्याही खेळांत पहिल्या आलेल्याचें नांव जगाच्या तोंडीं असतें, दुसऱ्याचें नांव वर्षभर टिकतें, आणि एकशें साठाव्याचें नांव विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. टेनिसचा विषय निघाला तर आमच्या विद्यार्थ्यांना विंबल्डन जिंकणाऱ्यांचीं नांवें घडाघडा सांगतां येतात. परंतु त्या हिरवळीवर एकदां तरी पाऊल ठेवावें म्हणून जन्मभर झटणाऱ्या शेंकडों खेळाडूंचा दिनक्रम कसा असतो, त्यांचा निर्वाह कशावर चालतो आणि त्यांच्या श्रमांचें मोल काय, हे प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतात. यंदाच्या अंकाकरितां आम्हीं मुद्दाम अशाच एका खेळाडूची कारकीर्द अभ्यासास घेतली आहे. तिचें नांव अंकिता रैना. मार्च २०२० मध्यें महिलांच्या एकेरींत तिचा जागतिक क्रमांक १६० वा होता. एकेरींत तिनें गांठलेला हाच सर्वांत वरचा क्रमांक होय.

हा विषय निवडण्यास कारण आहे. दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या फलकापुढें दोन प्रकारचीं मुलें दिसतात. ज्यांचा क्रमांक वर आला तीं पेढे वाटतात. आणि ज्यांना बरे गुण मिळाले, पण अपेक्षेइतके मिळाले नाहींत, तीं मागच्या फाटकानें निघून जातात. नापास झालेल्या मुलापेक्षां या दुसऱ्या प्रकारच्या मुलांची आम्हांस अधिक काळजी वाटते. 'पहिला नाहीं तर कांहींच नाहीं' ही समजूत त्यांच्या मनांत कोणी भरविली? कांहीं अंशीं घरानें, कांहीं अंशीं समाजानें, आणि आम्हां शिक्षकांचाही तिला हातभार लागतच असेल. या समजुतीमुळें चांगलें चाललेलें काम अर्ध्यावर टाकून दिलेलीं मुलेंमुली पुष्कळ आढळतात. त्यांच्यापुढें एखाद्या विजेत्याचें चरित्र ठेवून उपयोग नाहीं. तें वाचून त्यांना आपलें उणेपण अधिकच जाणवेल. जी शिखरावर पोंचली नाहीं, तरी चढत राहिली, अशीच व्यक्ति त्यांच्यापुढें ठेवली पाहिजे.

प्रथम या खेळाची व्यवस्था समजून घेऊं. कारण तिच्यावांचून १६० या आकड्याचा अर्थ लागणार नाहीं. १९६८ सालापासून टेनिसच्या मोठ्या स्पर्धा हौशी व व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना खुल्या झाल्या. पुढें १९७३ सालीं बिली जीन किंग या अमेरिकन खेळाडूच्या पुढाकारानें महिला खेळाडूंची संघटना स्थापन झाली. डब्ल्यू. टी. ए. या तीन अक्षरांनीं ती ओळखली जाते. १९७५ च्या नोव्हेंबरपासून ही संघटना संगणकाच्या साहाय्यानें खेळाडूंचा क्रम लावीत आली आहे. गेल्या बावन्न आठवड्यांत निरनिराळ्या स्पर्धांत मिळविलेल्या गुणांवरून हा क्रम ठरतो. बावन्न आठवडे लोटले कीं जुने गुण गळून पडतात आणि त्यांच्या जागीं नवे मिळवावे लागतात. म्हणून येथें एकदां वर चढून स्वस्थ बसण्याची सोय नाहीं. गतवर्षीं जितकें मिळविलें तितकें यंदाही मिळवावें, तेव्हां कोठें खेळाडू आहे त्या जागीं टिकतो.

स्पर्धांच्याही पायऱ्या आहेत. सर्वांत वर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन व अमेरिकन या चार महास्पर्धा. त्यांस 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. त्यांच्याखालीं डब्ल्यू. टी. ए.च्या १०००, ५००, २५० व १२५ अशा आकड्यांनीं ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा येतात. त्याहून खालीं आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लहान स्पर्धा असतात. आपण पाहत आहों त्या काळांत त्या एकूण बक्षिसाच्या रकमेवरून ओळखल्या जात. कोणी १५,००० डॉलरांची, कोणी २५,००० डॉलरांची. २०२४ पासून या वर्गांच्या नांवांत कांहीं फरक झाला, तरी मूळ रचना तीच राहिली.

महास्पर्धेच्या महिला एकेरींत १२८ जागा असतात. त्यांपैकीं १०४ जागा क्रमवारीप्रमाणें भरतात, आठ जागा आयोजकांच्या निमंत्रणानें दिल्या जातात, आणि उरलेल्या सोळा जागांसाठीं आधीं एक पात्रता-स्पर्धा होते. या पात्रता-स्पर्धेंतही १२८ खेळाडू उतरतात, आणि लागोपाठ तीन सामने जिंकतील त्या सोळाजणींनाच मुख्य स्पर्धेंत प्रवेश मिळतो. आतां १६० व्या क्रमांकाची खेळाडू कोठें उभी आहे, हें ध्यानांत येईल. तिला घरांत थेट प्रवेश नाहीं, पण ती रस्त्यावरही नाहीं. ती ओसरीवर आहे. दिवाणखान्यांतील दिवे तिला दिसतात, आंतलें बोलणें ऐकूं येतें, आणि दरवेळीं दार उघडण्यासाठीं तिला तीन सामने जिंकावे लागतात.

आंत व बाहेर यांतील अंतर केवढें आहे, तें पैशाच्या भाषेंत पाहूं. २५,००० डॉलरांची स्पर्धा म्हटली म्हणजे विजेतीला २५,००० डॉलर मिळतात असा कित्येकांचा समज होतो. तसें नाहीं, ती सर्व खेळाडूंत वांटावयाची रक्कम होय. आठवडाभरांत पांच सामने जिंकून एकेरीचें विजेतेपद मिळविणारीच्या वाट्यास त्यांतील सुमारें चार हजार डॉलर येत, आणि क्रमवारीचे पन्नास गुण मिळत. उलट २०२० सालच्या ऑस्ट्रेलियन महास्पर्धेंत पहिल्याच फेरींत हरून परत जाणारीस ९०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पात्रतेच्या पहिल्या सामन्यांत हरणारीसही २०,००० मिळाले. दोन्ही देशांच्या नाण्यांचा भाव निराळा हें खरें. तरी खालच्या पायरीवर जिंकण्यापेक्षां वरच्या पायरीवर हरणें कितीतरी पटींनीं लाभदायक आहे, हें स्पष्ट दिसतें. ज्याला आहे त्याला अधिक मिळतें, असा हा व्यवहार आहे. वरच्या क्रमांकामुळें मोठ्या स्पर्धेंत प्रवेश मिळतो, प्रवेशामुळें पैसा मिळतो, पैशामुळें प्रशिक्षक व वैद्यकीय मदत बरोबर नेतां येते, आणि त्यामुळें क्रमांक वर राहतो. खालच्या खेळाडूला हें चक्र उलट्या दिशेनें फिरवावें लागतें.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानें २०१३ सालच्या स्थितीची पाहणी केली होती. त्या वर्षीं व्यावसायिक स्पर्धा खेळलेल्या महिलांची संख्या ४,८६२ भरली. त्यांपैकीं २,२१२ जणींना वर्षभरांत बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाहीं. विमानप्रवास, निवास, जेवण, रॅकेटच्या तारा, कपड्यांची धुलाई असा एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरीनें सुमारें ४०,००० डॉलर आला. आणि प्रशिक्षकाचें वेतन त्यांत धरलेलेंच नव्हतें. बक्षिसांच्या उत्पन्नांतून हा खर्च भरून निघण्याची मर्यादा २५३ व्या क्रमांकापाशीं होती. म्हणजे जगांत २६० वी असलेली खेळाडूही पदरचे पैसे घालूनच खेळत होती!

हे आंकडे मनांत ठेवून १६० या आकड्याकडे पुन्हा पाहावें. त्याच्यावर १५९ नांवें आहेत, तीं आपणांस लगेच दिसतात. परंतु २०१३ च्या संख्येशीं ताडून पाहिलें तर त्याच्याखालीं साडेचार हजारांहून अधिक नांवें येतात. शंभर मुलांच्या वर्गांत हा तिसरा किंवा चौथा क्रमांक झाला. आपल्या शाळेंत शंभरांत चौथ्या आलेल्या मुलाला कोणी अपयशी म्हणेल काय? तरी टेनिसमध्यें त्याच योग्यतेच्या खेळाडूला 'खालच्या क्रमांकाची' म्हणतात, आणि तिचा चरितार्थही जेमतेम चालतो.

आतां प्रत्यक्ष अंकितेच्या कारकीर्दीकडे वळूं. तिचा जन्म ११ जानेवारी १९९३ रोजीं अहमदाबाद येथें एका काश्मिरी पंडित कुटुंबांत झाला. वडील भावाच्या मागोमाग तिनें बालपणींच रॅकेट हातीं घेतली. पुढें २००७ च्या सुमारास ती आईसमवेत पुण्यास आली व डेक्कन जिमखाना भागांतील पी. वाय. सी. हिंदु जिमखान्याच्या मैदानावर श्री. हेमंत बेंद्रे यांच्या हाताखालीं शिकूं लागली. तिच्या खेळाची खरी घडण पुण्यांत झाली, ही गोष्ट आपल्या प्रांतास अभिमानास्पद आहे. एका मुलीच्या खेळासाठीं कुटुंबानें आपली व्यवस्था बदलावी, हा निर्णय सोपा नव्हे. चौदा वर्षांच्या मुलीचें पुढें काय होणार, हें तेव्हां कोणासच ठाऊक नसतें.

त्यानंतर दोनएक वर्षांत ती महासंघाच्या लहान स्पर्धांतून खेळूं लागली. पहिल्या दोनशेंत मात्र ती एप्रिल २०१८ मध्यें आली. या दोन तारखांच्या मध्यें सुमारें नऊ वर्षें आहेत. वृत्तपत्रांना लिहिण्याजोगें त्यांत फार थोडें असतें. एका गांवीं जावें, दोन सामने खेळावे, हरावें, बॅग भरावी आणि पुढच्या गांवची गाडी किंवा विमान धरावें, असा तो क्रम. युरोपांतील खेळाडूला शेजारच्या देशांत आगगाडीनें जाऊन आठवड्यामागून आठवडा अशा स्पर्धा खेळतां येतात. भारतांतील खेळाडूला मात्र पुष्कळदां समुद्र ओलांडून जावें लागतें, परवान्याचे कागद जमवावे लागतात, आणि खर्च वाढतो म्हणून प्रशिक्षकाला घरींच ठेवावें लागतें. अशा रीतीनें नऊ वर्षें टिकून राहणें, हेंच त्या काळांतील तिचें मोठें यश होय.

आपल्या देशांतील स्त्रियांच्या टेनिसचा इतिहासही येथें थोडक्यांत लक्षांत घ्यावयास हवा. मुंबईच्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विंबल्डनला एकेरींतील सामना जिंकला. तसें करणारी ती पहिली भारतीय महिला. तिची आई पंडिता क्षमा राव ही संस्कृत लेखिका म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतर व्यावसायिक युगांत, १९९८ सालीं निरुपमा वैद्यनाथन् हिनें ऑस्ट्रेलियन महास्पर्धेच्या मुख्य एकेरींत सामना जिंकला. तिचा सर्वोच्च क्रमांक १३४ होता. पुढें सानिया मिर्झा हिनें २००७ सालीं २७ व्या क्रमांकापर्यंत मजल मारली. शिखा ओबेरॉय व सुनीता राव याही पहिल्या दोनशेंत आल्या. इतक्या मोठ्या देशांत अंकितेपूर्वीं एवढ्या चौघीच एकेरीच्या पहिल्या दोनशेंत पोंचल्या होत्या. आपणांस जी 'खालची' पायरी वाटते, तिच्यावर पाय ठेवणाऱ्या भारतीय मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हें विसरतां कामा नये.

२०१८ हें वर्ष अंकितेला अनुकूल गेलें. फेब्रुवारींत दिल्ली येथें फेड कप या देशादेशांमधील सांघिक स्पर्धेंत तिनें कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेवा हिला हरविलें. पुतिन्त्सेवा त्या वेळीं पहिल्या शंभरांत होती. मार्चमध्यें ग्वाल्हेरची स्पर्धा अंकितेनें जिंकली. ऑगस्टमध्यें इंडोनेशियांत भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांत एकेरीच्या उपान्त्य फेरींत तिला चीनच्या झांग श्वाई हिनें हरविलें. तरी कांस्यपदक तिच्या गळ्यांत पडलें. सानिया मिर्झा हिच्यानंतर आशियाई सामन्यांत एकेरीचें पदक मिळविणारी ती दुसरी भारतीय महिला. २०१९ च्या जानेवारींत तिनें सिंगापूरची २५,००० डॉलरांची स्पर्धा जिंकली, आणि एप्रिलांत चीनमधील कुनमिंग स्पर्धेंत सामंथा स्टोसर हिला पराभूत केलें. स्टोसर म्हणजे २०११ ची अमेरिकन महास्पर्धेची विजेती. ओसरीवरील खेळाडूनें दिवाणखान्यांतील यजमानणीस हरविण्याचे असे दिवस क्वचित् येतात, पण येतात.

२०२० च्या फेब्रुवारींत थायलंडमधील नोन्थाबुरी येथें तिनें पुन्हा यश मिळविलें, आणि २ मार्च रोजीं ती १६० व्या क्रमांकावर आली. त्याच महिन्यांत दुबई येथें भारतीय महिला संघ फेड कपच्या प्ले-ऑफ फेरीस प्रथमच पात्र ठरला. त्या संघांत सानियाबरोबर अंकिता होती. अकरा वर्षांच्या श्रमांनंतर कारकीर्द भरास आली होती. आणि नेमक्या त्याच मार्चच्या मध्यास कोविडच्या साथीमुळें जगांतील टेनिस बंद पडलें! ऑगस्टपर्यंत महिलांची एकही अधिकृत स्पर्धा झाली नाहीं. वाऱ्याला शीड लागावें आणि त्याच क्षणीं वारा पडावा, तसें हें झालें. यांत तिचा कांहीं दोष नव्हता, आणि तक्रार करण्यास जागाही नव्हती. साऱ्या जगावरच संकट होतें.

यानंतर जें घडलें, तें आमच्या मतें या कारकीर्दींतील सर्वांत शिकण्यासारखें प्रकरण होय. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन महास्पर्धेची महिलांची पात्रता-फेरी साथीमुळें दुबईस झाली. अंकितेनें दोन सामने जिंकले. तिसरा जिंकला असता तर एकेरीच्या मुख्य स्पर्धेंत प्रवेश होता. तो सामना सर्बियाच्या ओल्गा दानिलोविच हिनें तीन सेटांत जिंकला. कोणी माघार घेतल्यास जागा मिळेल या आशेवर अंकिता मेलबर्नला गेली, आणि इतर खेळाडूंप्रमाणें चौदा दिवस विलगीकरणांत राहिली. एकेरींत जागा कांहीं मिळाली नाहीं. तेव्हां रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कु हिच्याबरोबर तिला दुहेरींत प्रवेश मिळाला. महास्पर्धेच्या मुख्य भागांत अशा रीतीनें तिचें प्रथम पाऊल पडलें. आणि त्या पहिल्याच सामन्यांत दोघी हरल्या.

एवढ्यावर दुसरी कोणी घरीं परतती. अंकिता मेलबर्नलाच राहिली. त्याच क्रीडांगणांत, महास्पर्धेच्या दुसऱ्या आठवड्यांत, हरलेल्या खेळाडूंसाठीं 'फिलिप आयलंड ट्रॉफी' नांवाची २५० दर्जाची स्पर्धा ठेवलेली होती. तिच्यांत त्या वेळीं रशियाकडून खेळणाऱ्या कमिला रखिमोवा हिच्याबरोबर अंकिता दुहेरी खेळली, आणि १९ फेब्रुवारी रोजीं दोघींनीं अन्तिम सामना २-६, ६-४, १०-७ असा जिंकला. पहिला सेट गमावल्यावर मिळविलेला हा विजय होता. त्याचे २८० गुण मिळाले, आणि दुहेरीच्या क्रमवारींत अंकिता पहिल्या शंभरांत आली. एकेरीचें दार जेथें मिटलें होतें, त्याच शहरांत दुहेरीचें दार उघडलें. हरल्यावर लगेच निघून न जाणें, इतकेंच तिनें त्यासाठीं केलें होतें. पण तें करणें किती कठीण असतें, हें निकालाच्या दिवशीं मागच्या फाटकानें निघून जाणाऱ्या मुलांनीं मनाशीं पडताळून पाहावें.

त्याच वर्षीं एप्रिलांत लात्व्हियांत भारतीय संघाचा प्ले-ऑफ सामना झाला. फेड कपचें नांव तोंवर बिली जीन किंग कप असें झालें होतें. तेथें अंकितेची गांठ २०१७ ची फ्रेंच विजेती येलेना ओस्तापेन्को हिच्याशीं पडली. पहिला सेट गेला, दुसरा अंकितेनें ७-५ असा घेतला, आणि तिसरा ५-७ असा गमावला. जुलैमध्यें तोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत ती सानियाबरोबर दुहेरी खेळली. हा प्रवेश सानियाच्या राखून ठेवलेल्या वरच्या क्रमांकामुळें मिळाला होता, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध पहिला सेट ६-० असा जिंकूनही भारतीय जोडी ६-०, ६-७, ८-१० अशी हरली. त्याच वर्षीं भारत सरकारनें तिला अर्जुन पुरस्कार दिला. २०२४ अखेरपर्यंतचा हिशेब मांडला तर एकेरीच्या महास्पर्धेच्या मुख्य भागांत ती एकदांही पोंचली नाहीं. मात्र एप्रिल २०२५ मध्यें पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथें भारतीय महिला संघ दुसऱ्यांदा प्ले-ऑफला पात्र ठरला, तेव्हांही ती संघांत होती. एकेरीचा भार या वेळीं श्रीवल्ली भमिदीपाटी हिच्यासारख्या तरुण मुलींनीं वाहिला. ज्या शहरांत ती शिकली, तेथेंच तिनें हें पाहिलें.

आतां एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. कोणी पालक म्हणतील, "मास्तर, हें सर्व ठीक, पण इतकीं वर्षें, इतका पैसा आणि इतके श्रम दुसऱ्या कोणत्या धंद्यांत घातले असते तर अधिक सुख मिळालें नसतें काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या २,२१२ जणींना वर्षभरांत एक डॉलरही मिळाला नाहीं, त्यांच्यामागेंही घरेंदारें आहेत, कर्जें आहेत, कदाचित् अर्धवट राहिलेलें शिक्षण आहे. म्हणून मुलांनो, शाळा सोडून मैदानाचा रस्ता धरा, असा या लेखाचा अर्थ कोणीं करूं नये. आपल्या घरची शक्ति, आपलें अंगचें कसब आणि अनुभवी गुरूचें मत हीं तीन्ही तोलून मगच असा मार्ग धरावा, आणि पुस्तक कधींही मिटूं नये.

परंतु आक्षेप घेणारांस आम्हीं उलट एक हिशेब दाखवूं. १२८ खेळाडूंच्या स्पर्धेंत एकूण सामने किती होतात? प्रत्येक सामन्यांत एक खेळाडू बाद होतो व शेवटीं एकच उरतो. म्हणजे १२७ सामने, आणि १२७ पराभूत. केवळ विजेताच यशस्वी मानला, तर दर स्पर्धेंत १२७ जीवितें व्यर्थ गेलीं असें म्हणावें लागेल. पण त्या १२७ जणी नसत्या, तर विजेती तरी कोणाला जिंकती? वरची पायरी खालच्या पायरीवरच उभी असते. शाळा, दवाखाना, कचेरी, मंडळी यांचेंही तसेंच आहे. तालुक्याच्या गांवीं तीस वर्षें परिचारिकेचें काम करणारी बाई कोणत्याही क्रमवारींत नसते. तिच्यावांचून मात्र दवाखाना एक दिवस चालत नाहीं.

ख्रिस्ती वाचकांस येथें संत पौलाची आठवण होईल. करिंथ नगराजवळ मोठे क्रीडोत्सव भरत, आणि तेथील मंडळीस लिहितांना पौलानें शर्यतीचा दाखला घेतला. धांवणारे पुष्कळ, बक्षीस एकालाच, असें तो आरंभीं मान्य करितो. परंतु त्याचा रोख बक्षिसावर थांबत नाहीं. स्पर्धक अंगीं बाणवितो त्या संयमावर व शिस्तीवर तो बोट ठेवितो. शर्यतीचा मुकुट सुकून जातो, हें तो जाणून आहे. क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांत गळून पडतात. शिस्त मात्र गळत नाहीं.

याहूनही जवळचा दाखला प्रभु येशूनें दिला आहे. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत. हा दृष्टान्त त्या सर्वांना समजण्याजोगा आहे. परदेशीं जाणाऱ्या एका धन्यानें आपल्या दासांपाशीं ठेवी ठेविल्या. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें एकाला पांच, एकाला दोन, एकाला एक. पहिल्यानें पांचांच्या दहा केल्या, दुसऱ्यानें दोहोंच्या चार केल्या, आणि तिसऱ्यानें भीतीनें आपली ठेव जमिनींत पुरली. उपदेश करणारे बहुधा पहिल्याची वाखाणणी करितात व तिसऱ्याची निर्भर्त्सना; मधला दास बिचारा तसाच राहून जातो. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत धन्यानें पहिल्याला काय म्हटलें व दुसऱ्याला काय म्हटलें, तें शेजारीं शेजारीं ठेवून वाचा. शाबासकीचे शब्द दोघांनाही तेच आहेत. एका शब्दाचाही फरक नाहीं. धन्यानें चारांची तुलना दहांशीं केली नाहीं. त्यानें ती दोहोंशीं केली.

आमच्या मतें हा मधला दासच बहुतेक माणसांचा प्रतिनिधि आहे. पांच ठेवी मिळालेले थोडे असतात. दोन मिळालेले आपण पुष्कळ आहोंत. आणि आपली खरी परीक्षा अशी कीं, शेजारच्याच्या पांच पाहून आपण आपल्या दोन पुरून ठेवतों कीं काय. तिसऱ्या दासाला भीति वाटली. दुसऱ्याला हेवा वाटूं शकला असता. दोन्हींचा शेवट एकाच खड्ड्यांत झाला असता. अंकितेनें आपल्या दोन ठेवी पुरल्या नाहींत. एकेरीच्या अंगणांत जें पदरीं पडलें नाहीं, तें तिनें दुहेरीच्या अंगणांत शोधलें. स्वतःसाठीं जें जमलें नाहीं, तें संघासाठीं केलें.

विद्यार्थिमित्रहो, या वर्षीं तुमचा निकाल लागेल तेव्हां त्यांत दोन आंकडे शोधा. एक, तुमचा क्रमांक. तो फलकावर असेल, सर्वांना दिसेल. दुसरा, गतवर्षींच्या स्वतःच्या गुणांहून यंदा तुम्हीं किती पुढें आलां, हा. तो फलकावर लिहिलेला नसेल, तुम्हांलाच काढावा लागेल. पहिल्या आंकड्यानें आनंद झाला तर तो अवश्य माना, दुःख झालें तर तेंही लपवूं नका. पण वर्षाचा हिशेब दुसऱ्या आंकड्यावर मिटवा. आणि त्या दिवशीं पुढच्या फाटकानेंच घरीं जा.